बुधवार आलाच नाही

बाल्कनी सोडली तर जहाजावरची आमची केबिन १८० चौरस फुटांच्या आसपास. नवरा वरळीच्या बीडीडी चाळीत वाढला. तिथली खोली १६० फुटांची आणि माणसं सात. आत पाऊल टाकल्याटाकल्या त्याने हिशेब करून जाहीर केलं, "वीस फूट जास्त, पाच माणसं कमी." संडासही आतच आहे, हे जरा थांबून, मुद्दाम जोडलं. मला मात्र खोली लहान वाटली. पहिल्या अर्ध्या तासात हँगरवरून भांडण झालं.

पलंग उंच असतो तो रिकाम्या बॅगा खाली सरकवायला. भिंती पोलादी, त्यामुळे लोहचुंबक चिकटतात. मुलीने सॅन होजेहून निघताना चुंबकाचे डझनभर हूक बॅगेत कोंबले होते. टोप्या, ओढण्या, चष्म्याची दोरी, रोजच्या कार्यक्रमांचा कागद, सगळं भिंतीला लागलं तेव्हा कुठे जमिनीवर चालायला वाट झाली.

*

उन्हाळाभर अलास्काला फेऱ्या मारणारी जहाजं सप्टेंबरच्या अखेरीस, तिकडे थंडी पडायला लागली की, ऑस्ट्रेलियाचा उन्हाळा गाठायला दक्षिणेकडे निघतात. रिकामं जाण्यापेक्षा तिकिटं स्वस्त करून माणसं भरलेली बरी. त्या स्वस्ताईत आम्ही सापडलो. सॅन फ्रान्सिस्को, होनोलुलू, मग विषुववृत्त ओलांडून पागो पागो, सुवा, ऑकलंड, सिडनी. बंदरं थोडी, पाणी फार. "पण बघायला काय आहे?" असं नणंदेने फोनवर चारदा विचारलं. तिला सांगण्यासारखं उत्तर आमच्याकडे नव्हतं. नवरा रिटायर झाल्यापासून घरात त्याला जागा नव्हती आणि मला वेळ नव्हता, हे काही तिला सांगता येण्यासारखं नव्हतं.

*

सात आखूड भोंगे आणि एक लांब. हा इशारा झाला की नेमून दिलेल्या जागी जमायचं. आमची जागा नाटकगृहात. ही कवायत आता जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी घ्यावीच लागते. पूर्वी चोवीस तासांत कधीही उरकली तरी चालायची. २०१२च्या जानेवारीत इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट कलंडली, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्यांची कवायत दुसऱ्या दिवशी व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला.

मी तिथल्या पोरीला विचारलं, "हा एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला असले, तर आधी एकमेकांना शोधायचं का?" ती म्हणाली, "नाही मॅडम. दोघांनी वेगवेगळं, पण सरळ इथे यायचं. शोधत फिरणारेच अडकतात." लग्नाला इतकी वर्षं झाली, इतकी स्वच्छ सूचना आम्हाला कोणी दिली नव्हती.

*

दुपारी बारा वाजता जहाजाच्या ब्रिजवरून कॅप्टनची घोषणा होते. अक्षांश, रेखांश, वारा, वेग, खाली पाणी किती. वेग १९ नॉट, म्हणजे तासाला ३५ किलोमीटर. कॅलिफोर्निया आणि हवाईच्या मधे खोली साडेचार-पाच हजार मीटर. नवरा हे आकडे वहीत उतरवतो. वीज मंडळात आयुष्यभर मीटर रीडिंग तपासलेल्या माणसाचा हात तसाच बसून थोडाच राहणार? शेजारच्या खुर्चीतला निवृत्त अमेरिकन शिक्षकही लिहितो. रोज साडेबारा वाजता दोघं आकडे ताडून बघतात. एक दिवस वाऱ्याच्या वेगात फरक निघाला, तर दोघं रिसेप्शनला विचारायला गेले.

*

"आज भाजी काय करू?"

हा प्रश्न मी रोज सकाळी कुणाला ना कुणाला विचारते. सासूबाई होत्या तेव्हा त्यांना, मग मुलीला, आता ह्याला. उत्तर कोणी देत नाही, दिलं तर "काहीही" असं देतात. जहाजावर तो प्रश्नच उरला नाही. सुरुवातीला स्वर्ग वाटला. दुसऱ्याने चिरलेलं, दुसऱ्याने शिजवलेलं, दुसऱ्याने उचलून नेलेलं. ताटली टेबलावर ठेवून उठायची सवय लावायला मला वेळ लागला. आधी मी ताटल्या एकात एक रचून ठेवायचे, तर वेटरला उलट त्रास व्हायचा.

मग हळूहळू लक्षात आलं की आम्ही बोलत नाही आहोत. रुसवाफुगवा काही नव्हता, विषयच नव्हते. घरी आम्ही दिवसभर बोलतो: गॅस नोंदवलास का, टाकीचं पाणी आलं का, सोसायटीच्या मीटिंगला कोण आलं होतं, दूध नासलं, वाण्याने पीठ जाडं दिलं, प्लंबर येतो म्हणाला होता. याला मी आजवर गप्पा समजत होते. ते सगळे निरोप होते. निरोप संपल्यावर समोरासमोर बसलेली आम्ही दोन माणसं आणि काचेबाहेर पाणी.

त्याने विचारलं, "झोप लागली का?"

मी म्हटलं, "लागली."

इतकं बोलून सकाळ संपली.

*

केबिनमध्ये किटली, इस्त्री, कुकर काही चालत नाही. जहाजाला बुडण्यापेक्षा आगीचं भय जास्त. तेव्हा चहा वरच्या डेकवर, यंत्रातून. पाणी कोमट, पिशवी बिचारी त्यात नुसती भिजते. हा माझा छळ बघून नवऱ्याने सकाळी सहाला उठून शोधमोहीम काढली. मागच्या बाजूच्या डाव्या यंत्राचं पाणी सर्वांत कढत येतं, तेही पहिले चार कप निघून गेल्यावर. मग तो एका कपात तीन पिशव्या टाकून काळा काढा करतो, दुसऱ्या कपात दूध स्वयंपाकघरातून गरम करून मागून घेतो, झाकणं लावून लिफ्टने नऊ मजले खाली आणतो. चहाचा मसाला आपल्या डबीतला. लग्नानंतर त्याने सकाळचा पहिला चहा मला आयता दिल्याचं आठवत नाही. चव बरी असते. "बरी आहे," असंच सांगते, नाहीतर उद्या आणायचा नाही.

*

खोली आवरणारा मुलगा इंडोनेशियाचा. अठरा-वीस केबिनी त्याच्याकडे, दिवसातून दोनदा. रात्री टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड करून पलंगावर ठेवतो. नवऱ्याला काम पाहिजे होतं, म्हणून तो सकाळीच पलंग आवरायला लागला, अगदी चादरीचे कोपरे मुडपून. तिसऱ्या वेळी तो मुलगा दारात उभा. चेहरा उतरलेला. "सर, माझं काही चुकलं का?" प्रवासी शेवटी गुण देतात, आणि गुणांवर पुढचा करार ठरतो. त्याला समजावता समजावता नवऱ्याचाच चेहरा उतरला. तेव्हापासून पलंग विस्कटून ठेवूनच आम्ही बाहेर पडतो.

*

नऊ नंबरच्या टेबलाचा मुख्य वेटर गोव्याचा, म्हापशाजवळचा. पहिल्या रात्री माझं कुंकू बघून थबकला. "तुमी खंयचीं?" विचारलं, आणि मग मराठीवर आला. तेव्हापासून रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं मेनूकार्ड घेऊन येतो आणि कानात सांगतो, यातलं काही घेऊ नका, मी आतून पिवळी डाळ आणि भात आणतो. आतला एक आचारीही त्यांच्याच बाजूचा आहे. डाळीत नारळ पडला की समजायचं, आज त्याची पाळी.

गोव्यात अशा दर्यावर्दी माणसाला तारवटी म्हणतात. याचे आजोबा तारवटी, बापही. आजोबा जहाज मिळेपर्यंत मुंबईत धोबी तलावच्या कुडीत राहायचे. प्रत्येक गावाची आपली कूड. पेटी ठेवायला जागा, झोपायला चटई, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. आता एजंटचा मेल येतो आणि पोरगा विमानाने थेट बंदराच्या शहरात उतरतो. करार आठ-नऊ महिन्यांचा. आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायलाच हवी. "मिळते," म्हणाला, "पण एकसंध नाही."

त्याची बायको म्हापशाला दोन मुलं, सासरे आणि एक दुकान सांभाळते. घरी गेला की पहिला आठवडा ती त्याला कशालाच हात लावू देत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात विचारते, परत कधी जायचंय. हसत सांगत होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

*

भांडलो. कशावरून ते लिहिण्यासारखं नाही (खिडकीचा पडदा). घरी मी स्वयंपाकघरात जाते आणि भांडी आपटते. तो खाली पार्किंगमध्ये जाऊन स्कूटर पुसतो. इथे जायचं कुठे? मी तरातरा चालायच्या डेकवर गेले आणि फेऱ्या मारायला लागले. साडेतीन फेऱ्यांचा एक मैल होतो. समोरून तो. तोही रागाने फेऱ्या मारत होता, उलट्या दिशेने. म्हणजे प्रत्येक फेरीत दोन वेळा भेट. पहिल्यांदा मान फिरवली. दुसऱ्यांदा त्याने समुद्राकडे बघितलं. पुढे-पुढे तो कुठल्या बोटीखाली गाठ पडणार याचा अंदाज यायला लागला. कितव्या तरी भेटीला तो न थांबता म्हणाला, "तुझा वेग कमी झालाय." मी म्हटलं, "तुझाच." एवढ्यावर मिटलं. पडदा अर्धा उघडा राहील असं ठरलं.

*

पाचव्या मजल्यावर धुलाईची खोली आहे: चार मशीनं, दोन इस्त्र्या, टोकन टाकायचं. नवऱ्याला इथे खरा मुक्काम सापडला. मशीन संपलं आणि मालक आला नाही तर दुसऱ्याचे ओले कपडे बाहेर काढायचे की नाही, यावर तिथे रोज संसद भरते. ऑस्ट्रेलियन बायका काढतात. अमेरिकन दहा मिनिटं थांबून काढतात. आमच्या ह्याने ते काढून, झटकून, घडी घालून ठेवले, तर एक बाई संतापली: माझ्या कपड्यांच्या घड्या परक्या पुरुषाने घातल्या! आता तो फक्त आपल्याच कपड्यांच्या घड्या घालतो. माझ्या ब्लाउजची घडी बाही आत घेऊन घालायची असते, हे त्याला या वयात कळलं. कोणत्या टोकापासून सुरुवात करायची, यावर आमची चांगली अर्धा तास चर्चा झाली. बऱ्याच दिवसांनी.

*

पश्चिमेकडे जाताना घड्याळ एकसारखं मागे. रात्री एक तास जास्त झोप. तरुणांना मजा, आमच्या वयाला संकट: चारला जाग यायची ती तीनला यायला लागली. पहाटे तीनला लायब्ररीत बसलेली डझनभर म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक आणि कोणीही वाचत नाही.

*

होनोलुलू २१ अंशांवर, म्हणजे नागपूरच्याच रेषेत. ध्रुव तारा दोन्हीकडे सारख्याच उंचीवर. हवा मात्र नागपूरची नाही, देवाची कृपा.

पुढे रोज रात्री तो थोडा थोडा खाली. आमच्या लग्नात मुहूर्त दुपारचा होता. ध्रुव आणि अरुंधती दाखवायची वेळ आली तेव्हा भटजींनी हॉलच्या पंख्याकडे बोट करून "तिकडे ध्रुव आहे असं समजा" म्हटलं आणि आम्ही भक्तिभावाने पंख्याकडे बघितलं. जहाजावर सर्वांत वरच्या डेकच्या पुढच्या भागात दिवे कमी असतात. तिथे नवऱ्याने मोबाइलवर बघून ध्रुव नेमका दाखवला. "हा खरा," म्हणाला. दोनच रात्री दिसला. विषुववृत्ताच्या अलीकडेच क्षितिजावरच्या वाफेत तो हरवतो आणि पलीकडे दिसतच नाही. दक्षिणेला अनोळखी तारे वर आले होते. मी म्हटलं, "आपल्याला पंखाच बरा होता, तो जागचा हलला नाही."

*

विषुववृत्ताचा समारंभ. खलाशांतला एक जण दाढी लावून समुद्रदेव नेपच्यून होतो, पहिल्यांदा ओलांडणाऱ्यांना त्याच्यासमोर उभं करून मेलेला मासा हुंगायला, चुंबायला लावतात, अंगावर रंगीत लापशी ओततात, मग प्रमाणपत्र देतात. नवऱ्याने माशाचं चुंबन घेतलं. शाकाहारी बायकोसमोर घेतलं, असं तो आता सगळ्यांना सांगतो.

*

लिफ्टमध्ये जमिनीवर वाराचा गालिचा असतो: सोमवार, मंगळवार. रात्री बाराला बदलतात. जमीन दिसत नाही तिथे वारही दिसत नाही, म्हणून ही सोय. पागो पागोला मंगळवार होता. सकाळी उठून लिफ्टमध्ये पाय ठेवला तर गुरुवार. तारीखरेषा ओलांडली, बुधवार आलाच नाही.

नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची सात खणांची डबी. बुधवारच्या खणात गोळी तशीच. घ्यायची की नाही? तो म्हणाला, हिशेब चुकेल, दोन्ही घेऊ. मी म्हटलं, अजिबात नाही. शेवटी दवाखान्यातल्या नर्सला विचारलं. ती म्हणाली, काल सकाळी घेतलीत ना, मग आज सकाळी एक. चोवीस तास झाले, वाराचं नाव काही का असेना. हा सल्ला फुकट मिळाला. दवाखान्याचे बाकीचे दर बघून आम्ही ठरवलं की आजारी पडायचं ते सिडनीला.

ही तारीखरेषा माणसाने गृहीत धरलेली आहे. मॅगेलनच्या मोहिमेतली उरलेली माणसं १५२२च्या जुलैत पृथ्वीला पश्चिमेकडून वळसा घालून केप व्हर्डेला पोचली, तेव्हा त्यांच्या रोजनिशीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. त्यांच्यातल्या रोजनिशी लिहिणाऱ्या पिगाफेताने जवळजवळ तीन वर्षं एकही दिवस न चुकता नोंदी केल्या होत्या, त्याला चूक सापडेना. त्यांचाही बुधवारच घोटाळ्यात सापडला, हे वाचून नवरा खूश. सामोआने तर २०११च्या डिसेंबरातली ३० तारीख अख्ख्या देशाच्या कॅलेंडरमधून काढून टाकली आणि रेषेच्या पलीकडे उडी मारली, व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी म्हणून. पागो पागो अमेरिकन सामोआत, ते अलीकडेच राहिलं. मधे थोडंसं पाणी आणि पूर्ण एक दिवस.

घरून आणलेल्या पंचांगाप्रमाणे त्या बुधवारी खंडेनवमी होती. घरी त्या दिवशी माझं शिलाई मशीन, विळी, ह्याची पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर सगळं पाटावर येतं. गुरुवारी, दसऱ्यालाच, उरकून घेऊ म्हटलं. पण ठेवायचं काय? खोलीभर शोधलं. नेलकटर, चुंबकाचे हूक, धुलाईची दोन टोकनं, चहाच्या मसाल्याची डबी. हळदकुंकू वाहिलं. उदबत्ती लावायची सोय नाही, छतावर धूर ओळखणारं यंत्र. खोली आवरणाऱ्या मुलाने ते बघितलं आणि दुपारी परत आला तेव्हा टॉवेलचा हत्ती त्या टोकनांच्या शेजारी बसवून गेला.

*

सॉमरसेट मॉम १९१६ साली पागो पागोला येऊन अडकला आणि त्यातून त्याची 'रेन' ही गोष्ट झाली. आम्ही गेलो तेव्हाही पाऊस. बंदराजवळ टुना डबाबंद करण्याचा कारखाना, त्याचा वास. तासाभरात परत आलो.

*

सुवा. बाजारात भेंडी, वाल, हिरव्या मिरच्यांचे ढीग, आणि बोलणं आपल्या ओळखीचं. टॅक्सीवाल्याने हिंदीत विचारलं, त्यांच्या फिजी हिंदीत. त्याचे पणजोबा बस्ती जिल्ह्यातून आलेले. १८७९च्या मे महिन्यात 'लिओनिडास' हे शिडाचं जहाज कलकत्त्याहून पहिल्या गिरमिटियांना, म्हणजे करारावरच्या मजुरांना, घेऊन इथे लागलं, वाटेत दोन महिन्यांहून अधिक. पुढे १९१६पर्यंत ६०,०००हून जास्त माणसं उसाच्या मळ्यांवर आली. करार पाच वर्षांचा. शंभर पुरुषांमागे चाळीस बायका आणायच्या असा सरकारी नियम होता. मळ्याला लागणाऱ्या मजुरांचा तो हिशेब. त्यात पूर्ण कुटुंबं कमी, एकटेदुकटे जास्त. कितीतरी जोडपी कलकत्त्याच्या डेपोत किंवा जहाजावरच जमली. एकाच जहाजावरून आलेले पुढे जन्मभर एकमेकांना जहाजी भाई मानत. त्या नात्यातल्या घरांत सोयरीक करायची नाही, इतकं ते सख्खं.

टॅक्सीवाल्याने विचारलं, "आप लोग जहाज में क्या काम करते हैं?"

नवरा म्हणाला, "कुछ नहीं. घूम रहे हैं."

तो आरशातून आमच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

*

आमच्या मजल्यावरच्या एका दारावर चुंबकांची गर्दी. कोआला, बोटी, सांताक्लॉज, एक मोठं पिवळं बदक. मला पोरकटपणा वाटला होता. ते एका पर्थच्या जोडप्याचं दार. त्याला विसराळूपणाचा आजार, वाढत चाललेला. सगळी दारं सारखी, नंबर लक्षात राहत नाही, बदक राहतं. त्याच्या गळ्यात पट्टी, पट्टीत केबिनचा नंबर. बायको म्हणाली, "घरी मला चोवीस तास दाराला कुलूप लावून ठेवावं लागतं. इथे तो हरवून हरवून जाणार कुठे? आणि मला स्वयंपाक करावा लागत नाही, म्हणून त्याच्याशी बोलायला वेळ मिळतो." त्याने एकदा लिफ्टमध्ये आम्हाला बदक कुठे आहे असं विचारलं. नवरा त्याला दारापर्यंत सोडून आला. मग रोजच्या दुपारच्या आकड्यांना तोही येऊन बसायला लागला. अक्षांश ऐकून मान डोलावतो.

*

शवागार असतं जहाजावर. भर समुद्रात हेलिकॉप्टर पोचत नाही, म्हणून. हे मला कळलं ते नवऱ्याला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "विम्याचा कागद बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात आहे." वीज मंडळ.

*

वरच्या मजल्यावर लग्नाच्या शपथा पुन्हा घेण्याचा समारंभ असतो, फुलं आणि केकसकट, पैसे भरून. खरीखुरी लग्नंही लागतात, पण जहाज कुठल्या देशात नोंदवलंय त्यावर. क्युनार्ड कंपनीने २०११ साली आपली जहाजं साउथहॅम्प्टनऐवजी बर्म्युडाच्या हॅमिल्टनला नोंदवली, कारण ब्रिटिश नोंदणीत कॅप्टनला भर समुद्रात लग्न लावता येत नव्हतं. नवऱ्याला विचारलं, शपथा घ्यायच्या का. तो म्हणाला, "दर वाचलेस का?"

*

कोजागरी सुवा आणि ऑकलंडच्या मधे आली. गोव्याच्या वेटरला आदल्या रात्री सांगून ठेवलं. त्याने दोन थर्मास भरून दूध आटवून आणलं. केशर नव्हतं, बदाम भरपूर, जायफळ बेकरीतून. मागच्या डेकवर आम्ही दोघं, दुपारच्या आकड्यांवाला शिक्षक, पर्थची जोडी आणि ड्यूटी संपवून आलेला आतला आचारी. वारा इतका की कागदी पेले धरून बसावं लागलं. मध्यरात्री चंद्र उत्तरेला, डोक्यापासून बराच खाली, आणि त्यावरचा ससा उलटा. विषुववृत्ताच्या खालून बघितलं की तो तसाच दिसतो. आचारी म्हणाला, पहिल्या कराराला मला वाटलं होतं डोळे बिघडले. शिक्षकाला ससा दाखवायला अर्धा तास लागला. त्यांना तिथे माणसाचा चेहरा दिसतो. पर्थच्या म्हाताऱ्याला लगेच दिसला. त्याने एकट्यानेच जवळजवळ अर्धा थर्मास दूध संपवलं.

*

बक्षिशी आपोआप बिलात पडते, माणशी दररोज ठरावीक. काही लोक शेवटच्या दिवशी रिसेप्शनला रांग लावून ती कमी करून घेतात. त्या रांगेत ओळखीचे चेहरे बघितले. धुलाईच्या खोलीत सगळ्यांना शिस्त शिकवणारी बाई पहिल्या नंबरला.

*

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशीचे कपडे आत ठेवायला विसरू नका, असं चारचारदा सांगतात. तरी एक गृहस्थ पायजम्यावर उतरले, वरून कोट.

सिडनीला खाण्याचं सगळं कागदावर लिहून द्यावं लागतं. मेतकुटाची पुडी अधिकाऱ्याने उघडली, नाकाशी नेली, दोनदा शिंकला आणि परत दिली.

हॅरिस पार्कला आठवड्यासाठी स्वयंपाकघर असलेली जागा घेतली होती. आजूबाजूला सगळी आपल्याकडची दुकानं. संध्याकाळी नवरा पाय मोकळे करायला गेला आणि मेथीच्या सहा जुड्या घेऊन आला.

"दोघांना सहा?"

"स्वस्त होती."

"निवडणार कोण?"

तो वर्तमानपत्र पसरायला लागला.